सही सुलोचनाबाईंची, पण कोणत्या?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत ‘सुलोचना’ अशी सही असलेले फोटोचे जुने पोस्टकार्ड सापडले. मूकपटांच्या काळातले आहे म्हणतात. सही खरी कशी ओळखावी? लॅमिनेट केले तर चालेल का?
— एक वाचक, बेलपाडा (पनवेल)

उत्तर : लॅमिनेट मुळीच करू नका. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही, ओढले तर फोटोसकट येते.

आधी चेहरा पाहा. मराठी घरात सुलोचना म्हणजे सुलोचना लाटकर. पण त्यांचा जन्म १९२८चा, आणि पहिला बोलपट १९३१चा. मूकपटांतल्या सुलोचना म्हणजे पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून त्या पडद्यावर आल्या आणि १९२७च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त त्यांनी तब्बल आठ भूमिका केल्या. १९७३चा फाळके पुरस्कार त्यांचाच.

आता भिंग घ्या. सहीची रेघ बारीक ठिपक्यांची दिसली तर ती छापील. अक्षरे पांढरी असतील तर ती बहुधा निगेटिव्हवरच लिहिलेली, म्हणजे प्रत्येक प्रतीवर तीच. शाईची सही तिरप्या उजेडात वेगळी उठून दिसते, कुठे गडद, कुठे फिकी. बॉलपेनची निघाली तरी निराश होऊ नका. त्या काळात आपल्याकडे बॉलपेन नव्हते हे खरे, पण बाई १९८३पर्यंत हयात होत्या. जुन्या फोटोवर उतारवयात सही केलेली असू शकते. मात्र एवढ्याने हात कोणाचा हे ठरत नाही; त्यासाठी त्यांच्या खात्रीच्या सहीशी अक्षर ताडून पाहावे लागेल.

सही छापील निघाली तरी कार्ड जपाच, ही माझी कळकळीची विनंती. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यांतले अगदी मोजके उरले. नायट्रेटची रिळे जळाली, कुजली, कित्येक तर त्यांतल्या चांदीसाठी वितळवली गेली. ‘वाइल्डकॅट’ही आज उपलब्ध नाही. अशा चित्रपटांतला पेहराव, रंगभूषा, केशरचना पाहायची तर फोटो, पुस्तिका आणि पोस्टरे एवढाच आधार.

खाडीकाठच्या दमट हवेत कार्ड पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा, ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर. चिकटपट्टी नको. ते कुठे सापडले, आजोबा तेव्हा कुठे राहत, काय करत, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहा. ट्रंकेत शेजारी तिकीट किंवा सिनेमाची पुस्तिका असेल तर तीही सोबतच राहू द्या. विकायचा विचार आलाच, तर आधी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला दोन्ही बाजूंचे फोटो पाठवून विचारा.