समुद्रशैवाल आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावर तपकिरी, तांबडे व हिरवे शेवाळ उघडे पडते. कोकणातही हे दृश्य नेहमीचे आहे. आपल्याकडे त्याला आहारात फारसे स्थान नाही. जपान व कोरियात मात्र समुद्रशैवाल हे पिढ्यान् पिढ्या रोजचे अन्न आहे. भाताभोवती गुंडाळावयाची ‘नोरी’, रश्शाला चव आणणारे ‘कोंबू’ आणि सुपातील ‘वाकामे’ हे त्याचे प्रमुख प्रकार होत. कोरियात बाळंतिणीला वाकामेचे सूप देण्याची चाल आहे.

हे अन्न कोलेस्टेरॉल व शरीरातील मेद कमी करते, असे आता पुष्कळदा सांगितले जाते. त्यात तथ्य किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

पित्ताम्लांचा फेरा

कोलेस्टेरॉल शरीराला आवश्यक आहे. पेशींची आवरणे, काही संप्रेरके व पित्ताम्ले यांसाठी ते लागते. परंतु रक्तातील ‘एलडीएल’ या प्रकारचे कोलेस्टेरॉल वाढले, की ते रोहिण्यांच्या भिंतींत साचते व हृदयविकाराचा धोका वाढतो.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. स्निग्ध पदार्थांच्या पचनाचे काम आटोपले, की त्यांपैकी सुमारे ९५ टक्के आतड्यातून शोषली जाऊन यकृताकडे परततात. तपकिरी शैवालातील ‘अल्जिनेट’ हा तंतुमय पदार्थ पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. त्यात अडकलेली काही पित्ताम्ले मलावाटे बाहेर पडतात. ही तूट भरून काढण्यासाठी यकृताला नवी पित्ताम्ले तयार करावी लागतात व त्याकरिता ते रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात उचलते. पेशी एलडीएल कसे उचलतात, याचा उलगडा करणाऱ्या ब्राऊन व गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याच मार्गाने काम करणाऱ्या ‘कोलेस्टिरामिन’ या औषधाची अमेरिकेत ३,८०६ पुरुषांवर सात वर्षांहून अधिक काळ चाचणी झाली. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषध घेणाऱ्या गटात हृदयविकाराचे झटके व त्यामुळे होणारे मृत्यू १९ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र त्यांना दिवसाला २४ ग्रॅम औषध नेमून दिलेले होते. जेवणातील थोड्याशा शैवालाने तेवढाच गुण येईल, असे मानता येत नाही.

मेदाचे ज्वलन

वाकामेमध्ये ‘फ्युकोझँथिन’ हे रंगद्रव्य असते. जपानमधील होक्काइदो विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली ते उंदरांना आहारातून दिले, तेव्हा पोटातील मेद घटला. मेदपेशींमध्ये ‘यूसीपी-१’ हे प्रथिन वाढून ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च होते, असे त्यांना आढळले. तथापि उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही. माणसांवरील प्रयोग बहुधा लहान व अल्प मुदतीचे आहेत आणि त्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत.

सावधगिरी आवश्यक

प्रौढ व्यक्तीला दररोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. वाळलेल्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये याच्या कित्येक पट आयोडीन असू शकते. म्हणून थायरॉईडचे रुग्ण व गर्भवती स्त्रिया यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून त्याचे नियमित सेवन करू नये. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारावे, कारण काही शैवालांतील ‘के’ जीवनसत्त्वामुळे अशा काही औषधांचा परिणाम कमी होतो. ‘हिजिकी’ या प्रकारात आर्सेनिक आढळल्याने ब्रिटनच्या अन्नविषयक यंत्रणेने २००४ साली ते न खाण्याचा सल्ला दिला. शैवाल पाण्यातील जड धातू शोषून घेते. त्यामुळे सांडपाणी मिसळणाऱ्या किनाऱ्यावरून गोळा केलेले शैवाल खाऊ नये.

तात्पर्य

समुद्रशैवाल हे तंतुयुक्त, अल्पमेदी व पोषक अन्न आहे. औषधाला पर्याय नव्हे. पित्ताम्ले अडवून ठेवणारे विद्राव्य तंतू आपल्या इसबगोलात, जवात व कडधान्यांतही आहेत आणि ते गावोगावी मिळतात. आरोग्यविषयक सभांतून व वर्गांतून ही माहिती देताना एक गोष्ट आवर्जून सांगावी : डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी दिलेल्या गोळ्या कोणत्याही अन्नपदार्थाच्या भरवशावर परस्पर बंद करू नयेत. आहार सुधारावा, पण औषधाच्या जोडीने. रक्ततपासणी करून घ्यावी आणि पुढील निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.