जुन्या ट्रकचे वायरिंग : तपकिरी तार कोणत्या घरची?



आपल्या भागात अजून कितीतरी वस्त्यांवर गोठ्याच्या आडोशाला एखादा जुना ट्रक उभा दिसतो. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेला, एकेकाळी उसाच्या खेपा केलेला. भंगारात घालायला जीव होत नाही. मग कुणीतरी हौसेने तो पहिल्यासारखा करायला काढतो. इंजिन उघडतात, पत्रा ठोकतात, रंग देतात. तारांकडे मात्र कुणी बघत नाही.

त्याला कारणही आहे. जुने डिझेल इंजिन एकदा चालू झाले की त्याला विजेची गरज नसते. आतली हवा दाबाने तापते, पंप डिझेल फवारतो, पेट घेतला जातो. इंजिन बंद करायलाही दोरी ओढायची. त्यामुळे तारा कुजल्या तरी गाडी चालते आणि मालकाला वाटते, सगळे ठीक आहे. उसाच्या गाडीला हे परवडत नाही. हौद्याबाहेर वाळले पाचट लोंबत असते आणि त्याला एक ठिणगी पुरते.

माझी चूक आधी सांगतो

१९७८ साली मी एका गॅरेजात मदतनीस होतो. तोवर हात बसला होता तो जर्मन धाटणीच्या ट्रकवर. एका रात्री उसाने भरलेला ब्रिटिश धाटणीचा ट्रक आला. मागचा दिवा लागत नव्हता. केबिनखाली एक तपकिरी तार सुटलेली दिसली. मला ठाऊक होते की तपकिरी म्हणजे अर्थ. घेतली आणि बोल्टाखाली चासीला आवळली. ड्रायव्हरला नंबराची घाई, म्हणून बॅटरीही काढली नव्हती.

क्षणात तार लाल झाली. शेजारच्या तारांचे रबर वितळून धूर निघाला. ड्रायव्हरतात्यांनी उघड्या हाताने बॅटरीची तार उपटली म्हणून गाडी आणि ऊस वाचला. त्यांच्या तळहातावरचा डाग मात्र शेवटपर्यंत राहिला. ते मला एवढेच म्हणाले, "पोरा, गाडी कुणाच्या घरची हे तिला विचारलंस का?"

दुसरी चूक त्याहून मोठी. जळालेल्या तारांच्या जागी मी मिळेल ती तार भरली, सगळी एकाच लाल रंगाची. गाडी चालू झाली, मालक खूष. पुढच्या हंगामात तीच गाडी परत आली, तेव्हा कोणती तार कुठे जाते हे मलाच उमगेना.

दोन घरांचे रंग

आपल्या देशात ट्रक मुख्यतः दोन घरांतून आले. टाटांनी १९५४ साली डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला घेतले. ते सहकार्य १९६९ पर्यंत चालले. दुसरीकडे १९५५ पासून अशोक लेलँडचे काम ब्रिटनच्या लेलँड कंपनीच्या साथीने सुरू झाले. दोन्ही देशांची तारांच्या रंगांची भाषा वेगळी.

ब्रिटिश पद्धत : तपकिरी म्हणजे बॅटरीची थेट तार, बहुधा मध्ये फ्यूज नाही. पांढरी म्हणजे स्विचनंतरची. हिरवी म्हणजे स्विचनंतर फ्यूजमधून आलेली. निळी मोठ्या दिव्यांची, लाल पार्किंगची आणि मागच्या दिव्याची, काळी अर्थची.

जर्मन पद्धत : लाल म्हणजे बॅटरीची थेट तार. काळी म्हणजे स्विचनंतरची. पांढरी अप्परची, पिवळी डिप्परची, करडी पार्किंगची आणि मागच्या दिव्याची. तपकिरी अर्थची. या पद्धतीत टर्मिनलवर आकडेही असतात : ३० बॅटरी, १५ स्विच, ५० स्टार्टर, ३१ अर्थ.

म्हणजे तपकिरी आणि काळी या दोन तारा एका घरातून दुसऱ्या घरात गेल्या की बरोबर उलट्या होतात. लालचाही अर्थ बदलतो. माझ्या हातून घडले ते यामुळेच. त्यातून मधल्या काळात कुणी काय जोडले असेल सांगता येत नाही. म्हणून रंग बघून अंदाज करावा, पण खात्री टेस्ट लॅम्पनेच करावी.

काम कसे करावे

१. सुरुवातीला बॅटरीची अर्थची तार सोडावी. ती सोडताना पाना चासीला लागला तरी ठिणगी पडत नाही. अर्थची तार मायनसचीच असेल असे धरू नये. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत प्लस टर्मिनल चासीला जोडलेले असे. ते मूळ होते तसेच ठेवावे. अशा गाडीला आजचा अल्टरनेटर किंवा रेडिओ न पाहता जोडला तर जळतो.

२. प्रत्येक तार सोडण्याआधी तिला चिठ्ठी बांधावी आणि वहीत लिहून ठेवावे. चिकटपट्टीवरची शाई तेलाने पुसते. पत्र्याचा तुकडा आणि खिळ्याने कोरलेला आकडा टिकतो.

३. जुना तारांचा जुडगा कापू नये, अखंड काढावा. फळीवर पसरून जिथे फाटे फुटतात तिथे खिळे मारावेत. त्याच मापाने नवा जुडगा बाजूला विणावा. फार जुन्या तारांवर रबर आणि वरून सुती वेष्टण असते. उष्णता, तेल आणि वय यांनी रबर कडक होऊन तडकते. वरून तार चांगली दिसते, वाकवली की आतून भुगा पडतो. अशी तार परत वापरू नये. मूळचा देखावा हवा तर सुती वेष्टणाखाली प्लास्टिकच्या आवरणाची तार घ्यावी.

४. तारेची जाडी हिशोबाने घ्यावी. ४५ वॉटचे दोन दिवे म्हणजे ९० वॉट. १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर लागतात. तेच ६ व्होल्टच्या गाडीत १५ अँपिअर. म्हणून ६ व्होल्टच्या गाडीला तार जाड लागते. बारीक तारेत व्होल्ट गळतात, आणि व्होल्ट दहा टक्के उतरले की दिव्याचा उजेड सुमारे तीस टक्के उतरतो. रात्री दिवा मंद असला तर दोष बल्बचाच असतो असे नाही.

५. अर्थची जागा घासून पांढरी करावी. नवा रंग दिलेल्या चासीवर तार आवळली तर रंगच आडवा येतो. हौसेने रंगवलेल्या गाडीचे दिवे लुकलुकतात ते बहुतेक यामुळे.

६. तार पत्र्यातून जाते त्या प्रत्येक भोकाला रबरी गुळी बसवावी. सांधे पिळून पट्टी गुंडाळू नयेत. टर्मिनल दाबून बसवावे.

७. मूळ गाडीत फ्यूज थोडे असत, अनेकदा दोनच. इथे मात्र मूळाचा हट्ट धरू नये. बॅटरीच्या थेट तारेत, बॅटरीजवळच, एक फ्यूज झाकून बसवावा. स्टार्टरची जाड केबल त्यातून वगळावी. दिसायला गाडी जुनीच राहते आणि माझ्यासारखा एखादा चुकला तर तार नव्हे, फ्यूज जळतो.

शेवटची परीक्षा

काम झाले की लगेच बॅटरी जोडू नये. सगळे स्विच बंद ठेवावेत. बॅटरीचे टर्मिनल आणि सोडलेली अर्थची तार यांच्यामध्ये २१ वॉटचा बल्ब धरावा. बल्ब पेटला तर कुठेतरी वीज वाहते आहे, शॉर्ट असू शकतो. शोधून काढावा. बल्ब मध्ये असल्यामुळे तार तापत नाही. बल्ब विझलेला राहिला तर एकेक स्विच चालू करून बघावा आणि मगच बॅटरी जोडावी.

एवढे करून राहते ते एक काम, फुकटचे आणि सर्वांत मोलाचे. कोणती तार कुठे जाते त्याचा कागद नीट अक्षरात लिहून केबिनच्या दाराच्या आतून चिकटवावा. जिथे मूळ रंग मिळाला नाही तिथे कोणता वापरला तेही लिहावे. शेताची हद्द आपण दगड रोवून दाखवतो ती पुढच्या माणसासाठी. हेही तसेच. आपण उद्या नसू, आणि त्या गाडीखाली कुणाचे तरी पोर हातात पाना घेऊन शिरलेले असेल.

त्या १९७८ च्या गाडीत असा कागद असता, तर तात्यांचा हात भाजला नसता.