झटका कुंपण आणि कोरडी जमीन

सुपे परिसर पर्जन्यछायेत येतो. शेजारीच चिंकारांसाठी १९९७ साली घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. अशा ठिकाणी पिकाभोवती कुंपण हवे, पण ते जीवघेणे नको. ज्याला आपण ‘झटका मशीन’ म्हणतो, त्याची रचना याच हेतूने झाली आहे.

हे यंत्र बहुधा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. ते ऊर्जा साठवते आणि साधारणतः सेकंदाला एकदा, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ, काही हजार व्होल्टच्या दाबाने तारेत सोडते. दाब मोठा असला तरी काळ अत्यल्प असल्यामुळे जनावर दचकून मागे सरते, पण दगावत नाही.

आता एक प्रश्न. तारेवर बसलेल्या चिमणीला झटका का बसत नाही? कारण प्रवाहाला परतीची वाट नसते. बैलाला किंवा रानडुकराला तो बसतो, कारण प्रवाह त्याच्या पायांतून जमिनीत उतरतो आणि अर्थिंगच्या सळईवाटे यंत्राकडे परततो. म्हणजे अर्धे कुंपण जमिनीत असते! उन्हाळ्यात आमचा मुरूम वाळला की ही वाट जवळजवळ बंद होते आणि यंत्र धडधाकट असूनही ‘मशीन कमजोर आहे’ असा बोभाटा होतो. अशा वेळी विहिरीजवळच्या ओलसर जागी दहा-दहा फुटांवर दोन-तीन लांब सळया ठोकून त्या एकमेकींना जोडाव्यात. नाहीतर कुंपणात अर्थिंगची स्वतंत्र तार ओढावी. दोन्ही तारांना एकदम स्पर्श झाला की जमीन कोरडी असली तरी झटका बसतो.

पावसाळ्यातले दुखणे वेगळे. तारेला टेकलेले ओले गवत थोडा थोडा प्रवाह जमिनीत सोडते आणि पुढच्या टोकाला दाब उरत नाही. तडकलेल्या इन्सुलेटरजवळ टकटक ऐकू येते, रात्री ठिणगीही दिसते. गंजलेल्या गाठी मात्र डोळ्यांना सहज दिसत नाहीत. त्या हाताने तपासाव्या लागतात, अर्थात यंत्र बंद करूनच.

हे न शोधता काही जण तार थेट २३० व्होल्टच्या लाइनला जोडतात. हा गुन्हा आहे. तेथे प्रवाह अखंड असतो, स्नायू आखडतात आणि धरलेली तार सुटत नाही. रात्री वीज आल्यावर अंधारात पाणी धरायला जाणारा सालगडी, पहाटे गवत कापणारी बाई, वाट चुकलेले मेंढरू, यांपैकी कोणालाही ती तार ओळखू येत नाही.