पळणाऱ्यांनी काट्याआधी कंबर पाहावी

मुंबई मॅरेथॉन जवळ आली की सीबीडी बेलापूरमध्ये पारसिक हिलचा चढ आणि पाम बीच रोड पहाटेच जागे होतात. तिथे धावणाऱ्या हौशी मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो: माझं वजन किती असावं? प्रश्न रास्त आहे. सपाट रस्त्यावर किलोमीटरमागे, शरीराच्या दर किलोला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे २१ किलोमीटरसाठी ७० किलोच्या माणसाला ६५ किलोच्या माणसापेक्षा शंभरेक किलोकॅलरी जास्त लागतात. पण त्यावरून ‘जितकं हलकं तितकं वेगवान’ असं म्हणता येत नाही. काटा फक्त बेरीज सांगतो. त्यात चरबी किती आणि पाय पुढे नेणारे स्नायू किती, हे तो सांगत नाही.

याचा पुरावा पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं मांडली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, एकच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिक यांची धाव, त्यांनीच मिश्कीलपणे लिहिल्याप्रमाणे, लिफ्टचं दार बंद होण्याआधी आत शिरण्यापुरती. फरक केवळ व्यायामाचा नसावा, जन्माच्या वेळच्या कमी वजनाचाही वाटा असू शकतो, हेही त्यांनी नोंदवलं. भारतीयांमध्ये बेताच्या वजनातही पोटाभोवती चरबी साठते. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त धरतात. त्याच्या जोडीला कंबर मोजा: पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. कंबर आटोक्यात असेल आणि बीएमआय २३च्या किंचित वर असेल, तर वजनाची घाई नको.

यावर कोणी म्हणेल, अव्वल मॅरेथॉनपटू तर काटकुळे असतात. खरं आहे, पण ती शरीरं निवडीतून आणि वर्षानुवर्षांच्या सरावातून घडलेली असतात, त्यांच्यामागे आहारतज्ज्ञ आणि प्रशिक्षक उभे असतात. नोकरी सांभाळून पळणारा माणूस जेवण तोडून तो आकडा गाठू लागला, तर चरबीसोबत स्नायूही झिजतात. सराव जास्त आणि खाणं कमी, यातून होणाऱ्या बिघाडाकडे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये खास लक्ष वेधलं. पाळी अनियमित होणं किंवा थांबणं, हाडाला बारीक तडा जाणं, वारंवार सर्दी-ताप, न हटणारा थकवा ही त्याची लक्षणं. पाळी थांबणं म्हणजे तयारी उत्तम चालली आहे, असं समजू नका, डॉक्टरांना दाखवा.

मग वजनाकडे पाहायचंच नाही का? पाहायचं, पण योग्य वेळी. कंबर मोठी असेल तर स्पर्धेच्या बऱ्याच आधी, आठवड्याला फार तर अर्धा किलो या गतीने वजन उतरवा. डाळ, उसळ, अंडी, दही यांतली प्रथिनं कमी करू नका. लांब पल्ल्याच्या धावा सुरू झाल्या की वजन घटवणं थांबवा. बीएमआय १८.५ च्या खाली गेला असेल तर आधी खाणं वाढवा. धावून आल्यावर काट्यावर दिसलेली घट मुख्यतः घामाची असते, एका किलोला सुमारे एक लिटर. ती चरबी समजून आनंद मानू नका. उलट वजन वाढलेलं दिसलं तर पाणी गरजेपेक्षा जास्त प्यायलं गेलं. त्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. नीट जेवून, नीट झोपून, दुखापतीविना महिनोन्महिने सराव करता येतो, ते वजन तुमच्यासाठी योग्य.