उजेड पडू दे

रामबाग, इंदूर
गुरुवार

चि. सोनूस,


एकाच गावात राहून आत्या पत्र लिहिते म्हणून हसशील. हस. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येतं, मला तुझं निम्मं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं की तू न वाचता अंगठा दाखवतेस. म्हणून कागद. दूधवाल्याचा मुलगा तुमच्या बाजूला क्लासला जातो, त्याच्या हाती देते आहे.

काल भजनी मंडळात कळलं. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणजे आमच्या पेटीवाल्या काकूंच्या नणंदेच्या शेजारीण. त्यामुळे बातमी माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तुमच्या बिल्डिंगला आग लागलेली होती, तू बेशुद्ध होतीस आणि दारात बंब उभे होते. मी तिथेच सतरंजीवर बसले. मग पेटीवाल्या काकूंनी तुझ्या घरमालकीणबाईंना फोन लावला, तेव्हा खरं काय ते समजलं. जिन्याखालच्या मीटरमध्ये शॉर्टसर्किट झालं, धूर झाला, रात्री अडीचला सगळी बिल्डिंग खाली उतरली आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की तिसऱ्या मजल्यावरची मराठी मुलगी दिसत नाही. दार बडवलं. बेल दाबून धरली. फोनवर फोन केले. शेवटी चौकीदाराने समोरच्या गच्चीवर चढून तुझ्या खिडकीतून टॉर्च मारली, तोंडावर उजेड आला तेव्हा बाईसाहेब उठल्या.

आणि सकाळी मला मेसेज काय? ‘गुड मॉर्निंग आत्या, आज ऑफिसजवळ मस्त पोहे-जिलेबी.’ वा! काय उजेड पाडलास!

तुझ्या घरापासून स्वर्णबाग कॉलनी किती लांब आहे गं? 7 मे 2022 ची पहाट आठवते ना? खाली उभ्या गाडीला कुणी आग लावली, ती इमारतभर पसरली आणि सात माणसं गेली. तेव्हा तू आमच्याकडेच होतीस, पेपर तूच वाचून दाखवलास मला. धड कानाच्या माणसालाही झोपेत धूर कळत नाही, नाकही झोपलेलं असतं. आपलं तर विचारूच नकोस. कानाचं मशीन काढून डबीत ठेवलं की तू आणि मी दोघी विहिरीच्या तळाशी.

आपल्या घराण्याचे कान तुला मी नव्याने काय सांगू. तुझ्या आजीच्या, माईच्या कानांतून आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग स, श, च ही अक्षरं. माझंही त्याच क्रमाने झालं. तुझं तर तिसाव्या वर्षाच्या आतच. वरच्या पट्टीचं सगळं आधी जातं. म्हणूनच धुराचा अलार्म असला तरी आपल्या कामाचा नाही, त्याची ती किरकिरी शिट्टी नेमकी त्याच पट्टीत असते जी आपल्याकडे उरलेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या डोरोथी ब्रुक यांनी झोपलेल्या माणसांवर याचे प्रयोग केलेत. कमी ऐकू येणाऱ्यांना 520 हर्ट्झचा जाडाभरडा आवाज त्या नेहमीच्या शिट्टीपेक्षा कितीतरी अधिक वेळा जागं करतो, आणि नुसत्या लुकलुकणाऱ्या दिव्याने पुष्कळजण उठतच नाहीत. तुझ्या चौकीदाराची टॉर्च थेट डोळ्यांवर आली, हे तुझं नशीब. रोज नशिबावर झोपायचं का?

माई काय करायची माहीत आहे? दादा, म्हणजे तुझे बाबा, कॉलेजात असताना सराफ्यात खाऊन मध्यरात्री घरी यायचा. वाड्याचं दार आतून लावलेलं. माई पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधून निजायची, दुसरं टोक दाराच्या फटीतून बाहेर. दादा आला की सुतळी ओढायचा. एकदा गल्लीतल्या कुत्र्याने ओढली आणि माई अंगणात काठी घेऊन उभी! आम्ही कितीतरी दिवस हसत होतो. आता वाटतं, त्या बाईने आपल्या कानांची लाज बाळगली नाही, सोय केली.

तर सोय. लक्ष देऊन वाच, अंगठा दाखवू नकोस.

तुझ्या आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये जा, अ‍ॅक्सेसिबिलिटी उघड, तिथे ऑडिओचं जे पान आहे त्यात ‘एलईडी फ्लॅश फॉर अलर्ट्स’ म्हणून बटण आहे. ते चालू कर. खालीच सायलेंटमध्येही फ्लॅश लागू दे असं दुसरं बटण दिसेल, तेही. तू तर कायम सायलेंटवर असतेस. दिवा मागच्या बाजूला असतो, म्हणून फोन पालथा ठेवायचा. उताणा ठेवलास तर दिवा गादीला दिसेल, तुला नाही. माझ्या अँड्रॉइडमध्ये हेच ‘फ्लॅश नोटिफिकेशन’ नावाने आहे, कॅमेऱ्याचा दिवा वेगळा आणि सगळा पडदा लखलखवणं वेगळं, पडद्याला रंगही निवडता येतो. मी केशरी घेतलाय. तुला अर्धशिशी आहे, तेव्हा लखलखाटाने त्रास होतो का ते आधी बघ. दुसऱ्या कुणाला शिकवशील तेव्हा एवढं बघ की काही फोन पालथे घातले की आपोआप गप्प बसतात, तसा असला तर ते आधी बंद करायचं.

हे झालं फोन आणि मेसेजचं. दाराचं काय? त्याच अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘साउंड रेकग्निशन’ आहे, 2020 पासून आहे. फोन आजूबाजूचं ऐकत राहतो आणि दार ठोठावलं, बेल वाजली, बाळ रडलं, पाणी वाहिलं, धुराचा अलार्म झाला की तुला कळवतो. अँड्रॉइडवालेही त्याच वर्षी ‘साउंड नोटिफिकेशन्स’ घेऊन आले. नेट लागत नाही. पण आपल्याकडच्या बेलची एक गंमत आहे. फोनला ती साहेबी टिंग-टाँग कळते. आमच्या दारावरची बेल चिमण्यांसारखी चिवचिवते, तुझ्या घरमालकीणबाईंची ‘ॐ जय जगदीश’ म्हणते. ती बेल फोनला शिकवावी लागते, नवीन आवाज जोड म्हणून सांगायचं आणि बेल वाजवून त्याला ऐकवायची. आयफोनला हे 2022 पासून जमतं. माझ्या फोनला चिमण्या शिकवताना मी तीन वेळा बाहेर जाऊन आत आले, शेजारच्या वहिनी म्हणाल्या, आत्याबाई, कुणाला शोधताय?

आता महत्त्वाचं. फोन फक्त वाजलेलं ऐकतो. तुमच्या जिन्यात धुराचा अलार्म लावलेलाच नसेल तर तो काय ऐकणार, कपाळ? बॅटरीवरचा अलार्म बाजारात मिळतो, तो आण आणि दारापाशी छताला लाव. आणि फोनवर सगळं सोडून देऊ नकोस. जिथे जिवाला धोका आहे तिथे आमच्या या सोयीवर विसंबू नका, असं अ‍ॅपलवाले स्वतःच लिहितात. मनगटावर थरथरणारं घड्याळ घे, रात्रीही काढू नकोस. उजेडाने उठशीलच असं नाही, हादऱ्याने जाग येण्याची शक्यता जास्त. फोन उशीखाली चालेल, पण चार्जिंगला लावून उशीखाली अजिबात नाही. नाहीतर एक आग टाळायला दुसरी.

आता तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत मी तुझा फोन हातात घेऊन दिवा चालू करून दिला होता, आठवड्यात तू बंद केलास. विचारलं तर म्हणालीस, ‘आत्या, ऑफिसात लग्नाच्या वरातीसारखा चमकतो गं, सगळे बघतात.’ मला तेव्हाच समजलं. तू केस कानांवर घेतेस ते फॅशन म्हणून नाही.

मीही घ्यायचे. शाळेत शिकवत होते तेव्हा अंबाड्याच्या बटा मुद्दाम सैल सोडायची. शेवटच्या बाकावरच्या पोरींना प्रश्न विचारायचे नाहीत, कारण उत्तर ऐकू येणार नाही. स्टाफरूममध्ये सगळ्या हसल्या की एक क्षण मागून मीही हसायचे. आणि देवास. इथून देवास ते केवढंसं! आमच्या मैत्रिणी कुमार गंधर्वांचं गाणं ऐकायला जायच्या, टॅक्सी करून, डबे घेऊन. मला दर वेळी बोलवायच्या. माझं दर वेळी डोकं दुखायचं. समोर बसून मान कुठे डोलवायची हे कळलं नाही तर, या भीतीने. ‘मला पुढे बसू द्या, मला कमी ऐकू येतं’ एवढं एक वाक्य बोलायचं होतं. खालचे सूर तर मला तेव्हा छान ऐकू येत होते! जानेवारी 1992 मध्ये कुमारजी गेले. दुसऱ्या दिवशी मैत्रिणी आठवणी सांगत बसल्या आणि मी सगळ्यांना चहा केला. अजून ते गाणं रेकॉर्डवर लावलं की मला पहिल्यांदा तो चहाच आठवतो.

जाऊ दे. कुठून कुठे गेले.

फोनचं हे सगळं मला शिकवलं कुणी, माहीत आहे? आपल्या टेलरकडे काजं करणारा कर्णबधिर मुलगा आहे ना, त्याने. जन्मापासून अक्षरही ऐकलेलं नाही. त्याचा फोन दिवसभर लखलखत असतो, गिऱ्हाईक बघतात, तो खुशाल कॅमेऱ्यासमोर हातवारे करून मित्रांशी गप्पा मारतो. मला वेळ लागला तर टाळी वाजवल्यासारखं करून चिडवतो. आपल्या तुकोगंज ठाण्यात कर्णबधिरांसाठी मदत केंद्र आहे. ऐकू-बोलू न येणारी ती गीता 2015 मध्ये पाकिस्तानातून परत आली आणि काही वर्षं आपल्याच गावात राहिली. या गावाला खुणांची भाषा परकी नाही. लाज आहे ती आपल्यासारख्या अर्ध्या कानांच्या लोकांना. थोडं ऐकू येतं ना, त्या थोड्याच्या आड आपण लपतो.

मला तुझी रात्रीची भीती का वाटते ते सांगते. 2025 च्या 7 मेला हवाई हल्ल्याचं मॉक ड्रिल झालं, संध्याकाळी सगळ्या गावाने दिवे मालवले. भोंगा झाला म्हणतात. मला तो ऐकू आला नाही. मी स्वयंपाकघरात होते, वहिनींनी येऊन बटण बंद केलं आणि काहीतरी बोलल्या. सोनू, अंधारात त्यांचे ओठ दिसेनात. तोवर मला कळलंच नव्हतं की मी इतकी वर्षं डोळ्यांनी ऐकत होते. मला एक शब्द समजेना, खांद्यावर कुणाचा हात आहे तेही कळेना. ओट्यावर स्टीलच्या ताटलीत फोन ठेवला होता, तो थरथरून ताटली हलायला लागली आणि पडदा केशरी झाला. तुझा मेसेज होता, ‘आत्या, घाबरू नकोस, दहा-बारा मिनिटांत दिवे येतील.’ मी फोन छातीशी धरून उभी राहिले. माझ्या फोनचा दिवा चालू होता म्हणून तू मला त्या अंधारात सापडलीस. परवा रात्री अडीचला तू कुणाला सापडणार होतीस?

बरं, रागावले ते पुष्कळ झालं. घाबरून उठली असशील, खोलीत अनोळखी उजेड, खाली माणसं, आणि मशीन शोधताना हात थरथरले असतील. मग सकाळी मला त्रास नको म्हणून पोह्यांचं लिहिलंस. तेवढं कळतं गं मला. एकटी राहतेस, स्वतःचं भाडं भरतेस, याचा मला केवढा अभिमान आहे, ते मी भजनी मंडळात सगळ्यांना सांगून कंटाळवते. परत इथे ये असं मी म्हणणार नाही. दादा म्हणेल, त्याला मी बघते.

रविवारी ये. पाऊस लागलाय, मक्याची कणसं चांगली येताहेत, भुट्ट्याचा कीस करते, दूध घालून, तुला आवडतो तसा. तुझ्या मशीनच्या बॅटऱ्या, 312 नंबरच्या, तपकिरी पट्टीच्या, दोन पाकिटं आणून ठेवलीत. येताना फोन पुरता चार्ज करून आण, उरलेलं बसून करू.

पण फ्लॅशचं रविवारवर टाकू नकोस, ते आजच. आज रात्री साडेदहाला मी तुला फोन करीन. उचलायचा नाही. खोलीतला दिवा बंद कर, मशीन काढ, फोन पालथा ठेव आणि उजेड भिंतीवर कुठपर्यंत जातो ते बघून मला लिही. दिसला नाही तर पुन्हा करीन. तुला झोप येईपर्यंत करत राहीन, मला कुठे उद्या शाळा आहे.

तुझी
आत्या

ता. क. खोलीची एक किल्ली खालच्या बाईंकडे दे, आणि त्यांना तोंडाने सांग की मला रात्री ऐकू येत नाही. तुला जड गेलं तर मी येते सोबत, दोघी मिळून सांगू.