हँडल एकटं वर येत नाही

हँडल उंच करायला त्याखाली बसवायचा ठोकळा, म्हणजे रायझर, विकणारा तुमच्याशी फक्त मिलिमीटरमध्ये बोलतो. वीस घ्या, तीस घ्या, पाठदुखी गेलीच समजा. ब्रेकचा पाइप पुरेल का, असं विचारलं की 'सगळ्यांना हेच लावतो' एवढंच उत्तर मिळतं, आणि पुढे काही बिघडलं की 'तुमच्याच गाडीची केबल आखूड' असं ऐकवायला तोच पुढे. या वागण्याचा मला संताप येतो आणि तो मी लपवणार नाही. गाडीवरची बैठक सीट, फूटरेस्ट आणि हँडल या तीन जागांवर ठरते. त्यातली एकच हलवून आराम मिळेल असं छातीठोकपणे सांगणं ही गिऱ्हाइकाची शुद्ध दिशाभूल आहे.

पुरावा रस्त्यावरच आहे. रॉयल एन्फील्डने 2018 मध्ये इंटरसेप्टर 650 आणि कॉन्टिनेंटल जीटी 650 या दोन गाड्या एकाच 648 सीसी इंजिनावर आणल्या. इंटरसेप्टरला रुंद, उंच हँडल. जीटीला फोर्कच्या नळ्यांवर आवळलेले खालचे दोन दांडे. पण कंपनी तेवढ्यावर थांबली नाही. जीटीचे फूटरेस्टही मागे नेले, टाकी आणि सीट वेगळी दिली. म्हणून दोन्ही गाड्या आपापल्या जागी देखण्या दिसतात. पाय मागे आणि हात वर अशी सरमिसळ केली की कंबर आत वळते आणि गाडीची रेषाही मोडते. टाकीवर रायझरचे चकचकीत ठोकळे तेवढे उठून दिसतात. रायझर लावायचाच तर काळा आणि बुटका बरा.

शिवाय तीस मिलिमीटरचा रायझर हँडल सरळ तीस मिलिमीटर वर नेत नाही. फोर्क तिरका असतो. तो साधारण 25 अंश कललेला धरला, तर हँडल जेमतेम 27 मिलिमीटर वर जातं आणि जवळजवळ 13 मिलिमीटर तुमच्याकडे सरकतं. गावात हे सुखाचं वाटतं, तळहातांवरचा भार कमी होतो. पण माणूस ताठ बसला की खड्ड्याचा दणका माकडहाडातून थेट मणक्यात जातो आणि महामार्गावर वाऱ्याचा सगळा रेटा छातीवर येतो. तो सोसायला मुठी पुन्हा घट्ट आवळाव्या लागतात, म्हणजे मनगटाचं दुखणं दुसऱ्या वाटेने परत येतं. बोटांना मुंग्या येत असतील तर आधी क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प सैल करून लिव्हर अशा फिरवा, की बोटं, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येईल. याला पैसा लागत नाही, म्हणून दुकानात हे कोणी सुचवत नाही.

खरी गोम केबलमध्ये आहे. रायझर बसवल्यावर गाडी सेंटर स्टँडवर घ्या, इंजिन चालू ठेवा आणि हँडल आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. मूठ न पिळता इंजिनाचा आवाज चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे. घाटातल्या वळणावर किंवा यू-टर्न घेताना गाडी आपोआप रेस होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मग पुढच्या ब्रेकचा पाइप दोन्ही टोकांना बोटाने दाबून बघा. जोडाशी तो ताठ झाला असेल, तर रायझर तिथल्या तिथे काढायला लावा, किंवा लांब पाइप घालून ब्रेकमधली हवा काढून घ्या. 'चालतंय, सेट होईल' हे ऐकून घेऊ नका. ब्रेकचा पाइप सेट होत नाही. बोल्टही तपासा: 8 मिलिमीटरचा बोल्ट अल्युमिनियममध्ये निदान 12 मिलिमीटर आत गेला पाहिजे आणि तो गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्यानेच आवळला पाहिजे, अंदाजाने नव्हे.

यावर सांगितलं जातं, की हजारो लोकांनी लावलेत, त्यांना काही झालं नाही. असेलही. ज्या गाडीत केबलला आणि पाइपला ढील आहे तिथे काही होत नाही, पण ती ढील मॉडेलच्या नावावरून कळत नाही. उदाहरणार्थ, 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. एबीएस आलं की पुढच्या ब्रेकचा पाइप थेट चाकाकडे न जाता आधी एबीएसच्या युनिटकडे जातो. म्हणजे नाव तेच, साल वेगळं आणि पाइपची वाटही वेगळी. दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे. उंच माणसाला आणि कच्च्या रस्त्यावर फूटरेस्टवर उभं राहून चालवणाऱ्याला मूळ हँडल खरोखर खाली पडतं, वाकून वाकून पाठ जाते. त्यांनी जरूर लावावेत, पण सीट आणि फूटरेस्टचा विचार करून.

इतरांनी घाई करू नये, चार ठिकाणी विचारावं. घेतलेच तर बिलावर गाडीचं मॉडेल आणि साल लिहून घ्या, म्हणजे केबल आखूड असल्याचा दोष तुमच्या माथी मारता येणार नाही. आणि मूळ बोल्ट दुकानात सोडू नका. रायझर काढायची वेळ आली की तेच लागतात.