एकवीस फूट पुरे

एकट्याने समुद्र कापायचा म्हटलं की मराठी माणसाला कमांडर दिलीप दोंदे आणि त्यांची ‘म्हादेई’ आठवते. गोव्यात बांधलेल्या त्या नौकेतून त्यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण म्हादेई ५६ फुटांची होती आणि तिच्यामागे नौदल उभं होतं. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या, शनिवार-रविवारी स्वतःच्या होडीतून दक्षिण किनाऱ्यालगतच्या सोलेंट सामुद्रधुनीत शीड उभारू पाहणाऱ्या माणसाने तिच्यावरून हिशेब मांडू नये. त्याने एलन मॅकार्थरकडे पाहावं. १९९५ मध्ये, अठराव्या वर्षी, ती एकटीने ब्रिटनभोवती फिरून आली ती ‘कॉरिबी’ नावाच्या बनावटीच्या होडीतून. लांबी जेमतेम २१ फूट. तशा जुन्या होड्या आजही साधारण दीड ते चार हजार पौंडांत मिळतात.

मात्र किंमत एकदाच मोजावी लागते, जागेचं भाडं दर वर्षी. दक्षिण किनाऱ्यावरच्या मरीनात २१ फुटी होडी ठेवायला वर्षाला तीन हजार पौंड सहज लागतात, म्हणजे दर वर्षी जवळजवळ एक नवी-जुनी होडी! त्याच परिसरातल्या एखाद्या खाडीत, ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या भागात मुरिंग, म्हणजे होडी बांधून ठेवायची जागा, घेतलं तर काम दोनशे ते सातशे पौंडांत होतं. सेलिंग क्लबचं असेल तर बहुधा खालच्या आकड्याला. वर्सोव्याच्या खाडीत ओहोटीला चिखलात टेकलेल्या होड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे नवीन नाही. अट एकच: होडीला चिखलावर सरळ उभं राहता आलं पाहिजे. त्यासाठी तळाखाली एकाऐवजी दोन कील (पाण्यात उतरणारे पंखे) असलेली, म्हणजे बिल्ज कीलची होडी घ्या. वाऱ्याच्या तोंडावर चढताना ती एका खोल कीलच्या होडीपेक्षा थोडी मागे पडते. पडू द्या. शर्यत लावायची नसेल तर तो तोटा या बचतीपुढे काहीच नाही. शिवाय तळ तपासायला दर वेळी क्रेन लावावी लागत नाही. ओहोटीला गमबूट घालून उतरलं की झालं. तळ घासायचा किंवा रंगवायचा असेल तर तिथे परवानगी आहे का, हे मात्र आधी हार्बरमास्तरांना विचारा.

बाजारात फिरू लागलात की कोणीतरी ‘आणखी दोन हजार घाला आणि २६ फुटी घ्या’ म्हणणारच. वेस्टर्ली सेंटॉर ही त्यातली सर्वांत परिचित होडी. १९६९ ते १९८० या काळात दोन हजारांहून जास्त बांधल्या गेल्या, आणि होडी खरोखर चांगली आहे. पण तिचं वजन तीन टनांच्या आसपास, कॉरिबीचं एका टनाच्या आत. लांबी पाच फुटांनी वाढली आणि वजन तिपटीने! एकट्या माणसाच्या दृष्टीने सगळं इथेच ठरतं. धक्क्याला लागताना वाऱ्याने ढकललेली एक टनाची होडी दोराने आवरता येते, तीन टनांची आवरताना घाम फुटतो. नांगर, साखळी, शीड, इंजिन, रंगाचे डबे, सगळंच लांबीबरोबर वाढतं. कुटुंबाला नेहमी सोबत नेणार असाल तर सेंटॉर घ्या. एकटे जाणार असाल तर मोह टाळा.

होडी पाहायला जाल तेव्हा केबिनच्या गाद्या पाहण्याआधी मागे सुकाणूजवळ बसा. तिथून न उठता काय काय हाताला लागतं ते पाहा. पुढचं शीड फर्लरवर गुंडाळता येतं का? मोठं शीड लहान करायचे दोर कॉकपिटपर्यंत आणलेले आहेत का? आउटबोर्ड इंजिनच्या गिअरपर्यंत वाकून का होईना हात पोहोचतो का? वारा वाढल्यावर डोलकाठीपाशी जावं लागणं हाच एकट्याचा खरा धोका असतो. दोर मागे आणायला पुल्या आणि क्लचवर दोन-तीनशे पौंड जातात; ते किमतीतून वजा करून घ्या.

मग डेकवर चाला. पाय दबला, कुरकुर ऐकू आली, तर आतला लाकडी गाभा कुजलेला आहे. कील जिथे तळाला मिळतात तिथल्या भेगा, डोलकाठीखाली खचलेला डेक, डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांच्या टोकांचा गंज, हे नीट पाहा. तारा दहा-बारा वर्षांच्या वर असतील तर बदलण्याचे सहाशे ते बाराशे पौंड धरा. तळावरच्या बारीक फोडांना लोक उगाच घाबरतात. सत्तरच्या दशकातल्या त्या जाड फायबरच्या होड्या फोडांनी बुडत नाहीत. फुकट मिळणारी होडी मात्र घेऊ नका. मोडीत काढायचेच शेकडो पौंड लागतात, म्हणून ती फुकट असते.

खासगी होडी समुद्रात चालवायला ब्रिटनमध्ये परवाना लागत नाही. तरीही रॉयल यॉटिंग असोसिएशनचा (आरवायए) पाच दिवसांचा ‘डे स्किपर’ कोर्स कराच. हातातला व्हीएचएफ रेडिओ वापरायला प्रमाणपत्र लागतं, होडीचा रेडिओ परवाना ऑफकॉमकडून ऑनलाइन फुकट मिळतो. आपोआप फुगणारं लाइफजॅकेट, होडीला बांधून घ्यायचा पट्टा, रेडिओ आणि पीएलबी, म्हणजे संकटात आपलं ठिकाण कळवणारं छोटं यंत्र, हे मिळून सहा-सातशे पौंड होतात. पाण्यात पडलेल्या माणसाला पाण्यातूनच खाली ओढता येईल अशी शिडीही हवी. यातलं काही पुढच्या वर्षावर ढकलू नका. तुम्हाला वर ओढायला होडीत दुसरं कोणी नाही. सुकाणू आपोआप धरून ठेवणाऱ्या टिलर पायलटला पाचशे पौंडांच्या आसपास पडतात. सुकाणू सोडून शीड हाताळायचं असतं, म्हणून एकट्यासाठी ती चैन नव्हे.

भारतातल्या वाचकांसाठी: अशा जुन्या केबिनच्या होड्यांचा बाजार आपल्याकडे नाही. मुंबईत क्लबच्या माध्यमातून इल्का, म्हणजे पूर्वीची लेझर, चालवायला शिका. ४.२३ मीटर लांब, ५९ किलोची, एकाच माणसासाठी बनवलेली ती होडी आहे. तिच्यात रात्र काढता येत नाही एवढंच.

इंग्लंडमधला एकूण हिशेब असा: होडी तीन हजार, गरज पडल्यास नवं आउटबोर्ड बाराशे, बाकी दुरुस्ती आणि साधनं धरून पहिल्या वर्षी सहा ते सात हजार पौंड, कोर्सची फी वेगळी. पुढे मुरिंग, विमा आणि रंग मिळून वर्षाला हजार-बाराशे. खरेदीला वसंत ऋतूत जाऊ नका, तेव्हा सगळेच होडी शोधत असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा. हिवाळ्याच्या जागेचे पैसे भरायची वेळ आलेली असते, आणि मालक तेव्हाच किंमत उतरवतो.